अराकावाचा कावळा

कोच,

काल तुमचा दहावा दिवस होता. मी अराकावा नदीच्या काठावर गेलो होतो, आपल्या मैदानापाशी, जिथे तोझाई लाइनचा पूल डोक्यावरून जातो आणि गाडी आली की आपण सगळे बोलणं अर्धवट सोडून एकमेकांकडे नुसते बघत राहायचो. हातात कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून घेतलेली ओनिगिरी होती, भाताचा दाबलेला गोळा. आत मासा नसलेली, नुसत्या मिठाच्या भाताची. ती मिळवायला मला सात दुकानं पालथी घालावी लागली. (दोन. पण सात म्हटल्याशिवाय माझ्या तोंडाला चव येत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक?)

आमच्याकडे दहाव्या दिवशी भाताचा गोळा ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला, म्हणजे गेलेला माणूस सुखाने गेला. नाही शिवला, तर त्याचं इथे काहीतरी राहिलंय. मग मागे उरलेल्यांपैकी कोणीतरी पुढे होतं, हात जोडून मोठ्याने सांगतं की जे राहिलंय ते मी पुरं करतो. आणि मग म्हणे तो येतो.

तुम्ही ख्रिश्चन. तुम्हाला कावळ्याची काही गरज नव्हती. तुमच्या पुढच्या प्रवासाची सोय तुम्ही कधीच करून ठेवली होती. गरज मला होती. आपल्या दोघांमध्ये एक कावळा आधीपासून आहे, आणि त्याच्याबद्दल एक गोष्ट तुम्हाला सांगायची माझी राहून गेली आहे.

हे मराठीत लिहितोय, कारण मला खोटं आणि खरं दोन्ही धड मराठीतच बोलता येतं. शिवाय यातलं अक्षरही तुम्हाला वाचता आलं नसतं, त्याचाही जरा धीर वाटतो. तुम्हाला मराठीतला एकच शब्द येत होता. त्याच्याकडे येतोच.

आपली ओळख कचऱ्यातून झाली. मेघना आणि मी पुण्याहून येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. हिगाशी-कसाईच्या त्या इमारतीत पाचव्या मजल्यावर आम्ही आणि पहिल्या मजल्यावर तुम्ही आणि तुमच्या सायोको-सान. कुठल्या वारी कुठला कचरा, याचा तक्ता फ्रिजवर चिकटवलेला होता, पण मी जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत चार प्लास्टिकच्या बाटल्या दडवल्या आणि साळसूदपणे खाली गेलो. कचऱ्याच्या जाळीपाशी तुम्ही उभे होतात. पांढरे केस, ताठ पाठ आणि खांदे असे, की लिफ्टमध्ये तिरकं होऊन शिरावं लागेल.

“पातानकारु-सान?” माझं पाटणकर हे आडनाव तुमच्या जिभेवर शेवटपर्यंत असंच वळत राहिलं. पिशवीतून माझ्या नावाच्या पार्सलचं खोकं डोकावत होतं, त्यामुळे नाकारायची सोय नव्हती.

आता हा म्हातारा झापणार, म्हणून मी जपानी येत नसल्याचा चेहरा केला. त्याला फारशी मेहनत लागली नाही. तुम्ही पिशवीतून एक बाटली काढलीत, झाकण काढलंत, लेबल सोललंत आणि पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या बाटल्यांच्या टोपलीकडे नुसता हात झटकलात. बाटली भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरत गेली आणि टोपलीत अलगद बसली. दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्या तशाच. मी हे पुढे सांगताना टोपली नदीपलीकडे नेऊन ठेवली, ते सोडा. मी हाताने विचारलं, क्रिकेट? तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत. “फुटबॉल.” मी पाय उचलून दाखवला. तुम्ही पुन्हा मान हलवलीत आणि हात उचलून दाखवलात.

संध्याकाळी मेघना फोनवर काहीतरी शोधत होती. ती एकदम ओरडली, “समीर, अरे, हे आपले खालचे हिराओका-सान मासिकाच्या मुखपृष्ठावर आहेत! कंपन्यांची अमेरिकन फुटबॉलची लीग आहे इथे, त्यातले सगळ्यात गाजलेले क्वार्टरबॅक होते ते. अख्खं स्टेडियम त्यांच्या नावाने ओरडायचं. आणि तू त्यांच्याकडून बाटल्या वेगळ्या करून घेतल्यास.”

क्वार्टरबॅक म्हणजे काय, ते मला पुढे तुम्हीच शिकवलंत. चेंडू त्याच्या हातात येतो, समोरून म्हशींचा कळप सुटतो आणि तो अंगावर यायच्या आत त्याला ठरवायचं असतं, की लांब धावणाऱ्यांपैकी कोणावर भरवसा ठेवायचा. तो माणूस जिथे आहे तिथे चेंडू फेकायचाच नाही. तो जिथे पोचणार आहे तिथे फेकायचा.

“म्हणजे फेकतो तेव्हा तिथे कोणीच नसतं?” मी विचारलं.

“कोणीच नसतं. रिकामी जागा. तो येईल असं धरून चालायचं.”

“ही तर अंधश्रद्धा झाली.”

मेघनाने भाषांतर केल्यावर तुम्ही बराच विचार केलात. मग म्हणालात, “अंध कशी? मी तर डोळे उघडे ठेवून फेकतो.”

हिगाशी-कसाई आणि ग्योतोकुतले आम्ही दहा-बारा मराठी इंजिनिअर. पोटं सुटलेली आणि गुडघे ऑफिसच्या खुर्चीने खाल्लेले. आम्हाला तुम्ही फ्लॅग फुटबॉल शिकवायला घेतलात. त्यात कोणी कोणाला पाडत नाही, कमरेला लटकवलेली पट्टी ओढली की माणूस थांबला. रविवारी दुपारी बारा वाजता. सकाळी मैदान मोकळं असायचं, ऊन कमी असायचं, आम्ही परोपरीने विनवलं, पण सकाळ चर्चची. पावणेबाराला पुलाखालून तुमची सायकल यायची, पुढच्या टोपलीत एकाच फडक्यात गुंडाळलेलं बायबल आणि चेंडू. मागोमाग सायोको-सान, थर्मास घेऊन. त्या रेषेबाहेर घडीच्या खुर्चीवर बसायच्या आणि तुमच्यापेक्षा मोठ्याने ओरडायच्या. तुमच्यासारखाच त्यांनीही तो एक शब्द आमच्याकडून उचलला होता. पकड. तुमच्या दोघांच्या तोंडी त्याचं ‘पाकादो!’ व्हायचं. नदीच्या पार टोकाला मासे धरत बसलेल्या म्हाताऱ्यांनाही तो शब्द पाठ झाला असेल.

मी तुमचा रिसीव्हर होतो. म्हणजे धावत सुटायचं आणि तुम्ही फेकलेलं झेलायचं. मला का निवडलंत, हे मी एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, “तुम्ही सगळ्यात हळू धावता. तुम्हाला मोजायला सोपं जातं.” मग मी सगळ्या हिगाशी-कसाईभर सांगत सुटलो, की जपानच्या थोर क्वार्टरबॅकने मला माझ्या पायांसाठी निवडलं. तसं ते खोटंही नव्हतं.

माझ्या या सवयीला तुमच्याकडे शब्द होता, होराफुकी. शंख फुंकणारा. बढाया मारणाऱ्याला म्हणे तुमच्यात असंच म्हणतात. मी म्हटलं, आमच्यात पूजेला बसताना शंख फुंकतात, म्हणजे हा मला मोठाच मान झाला. तुम्ही हसता हसता बाकावरून घसरलात. (हे खरं आहे. सायोको-सानना विचारा.) माझ्या गोष्टी जपानीत सांगायचं काम मेघनाकडे असायचं आणि ती वाटेतच त्यांची छाटणी करायची. मी म्हणायचो, शंभर फूट. तुम्ही ऐकायचात, चाळीस. “उरलेले साठ मी तुझ्या अब्रूसाठी ठेवून घेतले,” असं ती मला नंतर सांगायची.

आणि भजी. भजी कशी विसरेन! तुम्ही दोघं पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आलात तेव्हा मेघनाने बटाट्याची भजी केली होती. मला चॉपस्टिक्स किती झकास येतात ते दाखवायची हौस. पहिलं भजं मी माझ्या काड्यांत धरलं आणि ऐटीत हात लांब करून थेट तुमच्या काड्यांत द्यायला गेलो. सायोको-सानचा हात तोंडावर गेला. तुम्ही तुमच्या काड्या शांतपणे खाली ठेवल्यात, तळहात पुढे केलात आणि कढत भजं हातावर घेतलंत.

“पातानकारु-सान, हे असं काडीतून काडीत आम्ही एकाच ठिकाणी देतो.”

“कुठे?”

“नंतर सांगेन. आधी हे गरम आहे तोवर खाऊ द्या.”

तुम्ही गेल्यावर मेघनाने शोधून काढलं. दहन झाल्यावर घरची माणसं राखेतून अस्थी उचलतात, तेव्हा. काडीतून काडीत, एकेक. उरलेली भजी त्या दिवशी माझ्या घशाखाली उतरली नाहीत. तुम्ही मात्र तो विषय पार सोडून दिलात, असं मला वाटलं होतं. पुढच्याच रविवारी माझ्या हातून चेंडू सुटला आणि तुम्ही मैदानभर ऐकू जाईल असं ओरडलात, “भजी बरी घट्ट धरता येत होती!”

आता हातून सुटलेला तो दुसरा चेंडू.

नदीकाठच्या टीम्सची छोटीशी स्पर्धा. अंतिम सामना नेमका रविवारी सकाळी. तुम्ही म्हणालात, प्रार्थना संपली की येतो. आम्ही चिडलो होतो, मी सगळ्यात जास्त. “देव एक रविवार सुट्टी देणार नाही का?” तुम्ही म्हणालात, “सुट्टी तो देईल. मला नको आहे.” तुम्ही आलात तेव्हा आपण पाच गुणांनी मागे होतो आणि शेवटचे काही क्षण उरले होते. साठी ओलांडलेला माणूस चर्चच्या इस्त्रीच्या पँटवरच कमरेला पट्टी बांधून मैदानात उतरला. मला म्हणालात, “शेवटच्या रेषेच्या उजव्या कोपऱ्यात. मी तुमच्याकडे बघणार नाही, तुम्ही तिथे या.” मी धावलो. तुमच्या हातून चेंडू सुटला.

इथून पुढचं मी आजवर अनेक प्रकारे सांगितलंय. चेंडू माझ्यापर्यंत आला आणि जमिनीवर पडला, एवढा भाग सगळ्यांत सारखा आहे. मैदानावर मी म्हटलं, वारा. ट्रेनमध्ये म्हटलं, डोळ्यांवर ऊन. त्या वर्षीच्या गणपतीत, आरतीनंतर मोदकांची ताटं फिरत असताना सगळ्यांनी आग्रह केला, तेव्हा मला कावळा सुचला. तोक्योचे कावळे तुम्ही जाणताच, कचऱ्याची जाळी उचलून आत शिरणारे. माझा कावळा त्यांचा आजोबा. बोकडाएवढा. पुलाच्या खांबावरून सुटला तो थेट चेंडूवर, चोच मारून त्याने चेंडूची दिशा बदलली, आणि जाताना माझ्याकडे मान वाकडी करून बघितलं. हॉल हसून लोळला. तुम्ही मागच्या भिंतीपाशी दुखरा गुडघा लांब करून बसला होतात आणि तुम्हीही हसत होतात.

पण मैदानावर, त्या दिवशी, माझ्या वाऱ्याच्याही आधी तुम्ही चालत आला होतात. सगळ्या टीमसमोर कमरेत वाकलात आणि म्हणालात, “माफ करा. माझा थ्रो उंच गेला.”

आणि मी म्हटलं, “हो कोच. जरा उंचच होता.”

मेघना रेषेबाहेर उभी होती. घरी आल्यावर दारात चप्पल काढताना म्हणाली, “समीर, मी कोपऱ्यातच उभी होते.”

हिवाळ्यात एकदा आपण दोघंच नदीवर होतो, तोवर तुमचं बोलणं मला मेघनाशिवायही कळायला लागलं होतं. बाकीच्यांचे प्रोजेक्ट संपत चालले होते, कोणी पुण्याला परतलं, कोणी ओसाकाला गेलं, टीम विरत होती. बाकावर बसून मशीनमधली गरम कॉफीची टिनं हातात फिरवत होतो. त्या दिवशी तुम्ही मला ओनो-सानची गोष्ट सांगितलीत.

ओनो-सान तुमचे रिसीव्हर, तरुणपणी. सगळ्यात मोठा सामना, भरलेलं स्टेडियम, शेवटचा चेंडू. तो त्यांच्या हातून सुटला. तुम्ही हेल्मेट जमिनीवर आपटलंत आणि पत्रकारांपुढे म्हणालात, मी फेकला तो बरोबर होता, पुढचं त्याला विचारा. तुमचं म्हणणं खरं होतं. अक्षर न् अक्षर खरं. ओनो-सान नव्या वर्षाच्या आत टीम सोडून गेले, मग कंपनीही. तुम्ही दर वर्षी नव्या वर्षाचं कार्ड पाठवत राहिलात आणि पत्ता सापडत नाही म्हणून ते परत येत राहिलं.

“चर्चमध्ये मग त्यासाठी गेलात?” मी विचारलं.

“नाही. गुडघा दुखत होता. दार उघडं होतं, आत खुर्च्या दिसल्या, बसायला गेलो.” तुम्ही कॉफीचा घोट घेतलात. “मी कोण ते तिथे कोणालाच माहीत नव्हतं. फार वर्षांनी असं झालं होतं. पुढच्या रविवारीही गेलो.”

मी माझ्या स्वभावाप्रमाणे वातावरण हलकं करायला गेलो. म्हटलं, आमच्या देवाला गोष्ट फुगवून सांगितलेली चालते, उलट आवडते. तुमचा देव फारच कडक.

“त्याला गोष्ट आधीच माहीत असते,” तुम्ही म्हणालात.

“मग सांगायची कशाला?”

वरून गाडी गेली. आपण थांबलो. ती गेल्यावर तुम्ही म्हणालात, “सांगणाऱ्यासाठी.”

आणि माझ्याकडे बघितलंत. कोच, मला कळलं होतं. मी इतका काही मठ्ठ नाही. तुम्ही चेंडू रिकाम्या जागेत टाकला होतात आणि मी तिथे येईन असं धरून बसला होतात. मी उठलो आणि म्हटलं, या मशीनमध्ये मक्याचं सूपही मिळतं, घेता का?

वाद आपला इथेच राहिला. तुमचं म्हणणं, ज्या गोष्टीत सांगणारा मोठा होतो ती बढाई, आणि ज्यात दुसरा मोठा होतो ती गोष्ट. माझं म्हणणं, कावळ्याच्या गोष्टीत कावळा मोठा होतो. तुम्ही म्हणालात, यावर विचार करून उत्तर देतो. दिलं नाहीत.

मग तुम्ही आजारी पडलात. नदीपलीकडच्या हॉस्पिटलात तुम्हाला बघायला आलो तेव्हा मेघनाने लिफ्टपाशी बजावलं होतं, “आज ते खरं सांगून ये. दुसरं काही बोलू नकोस.” मी कोपऱ्यातल्या पलंगाकडे आलो आणि आधी तुम्हाला ओळखलंच नाही. ते खांदे कुठे गेले होते? चादरीखाली कोणीतरी त्यांची घडी घालून ठेवली होती. मी वाक्य पाठ करून आलो होतो, जपानीत, क्रियापद शेवटी ठेवून. तुम्ही हाताने खुर्ची दाखवलीत आणि म्हणालात, “कावळ्याची सांगा.”

मी सांगितली. काय सांगितली म्हणून सांगू! कावळा गाईएवढा झाला. त्याने स्टेशनमास्तरची टोपी घातली, तो पुलावरची गाडी थांबवून खाली आला. तुम्ही पोट धरून हसलात आणि मग खोकलात. नर्स आली आणि मला म्हणाली, आता पुरे. मी दारापर्यंत पोचलो तेव्हा तुम्ही मागून म्हणालात, “वारा होता हो त्या दिवशी. थोडासा होता.”

माफीचा एक शब्द पुरला असता. जपानीतही तो शब्द मला येतो. पण सरकतं दार आपोआप बंद होतं तिथे. मी ते होऊ दिलं.

मग सायोको-सानचा फोन आला.

ग्योतोकुतलं तुमचं चर्च मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर एक खोली आणि पंचवीसेक घडीच्या खुर्च्या. सायोको-सान मैदानावर बसायच्या तसल्याच. मी जपानी अंत्यविधीचे व्हिडिओ बघून, चिमूटभर धूप कपाळापर्यंत नेऊन निखाऱ्यावर सोडायची पद्धत दोन दिवस घोटून आलो होतो. इथे धूप नव्हताच. हातात एक पांढरं फूल दिलं. मी तेच कपाळाला लावलं, तीनदा, आणि मागची आजी हळूच म्हणाली, नुसतं ठेवा, देठ त्यांच्याकडे करून. तुम्ही असतात तर वर्षभर पुरवून पुरवून हसला असतात.

तुमचे जुने खेळाडू आले होते. वाकलेले, पण रुंद. त्यांतला एक जण मला निरखून म्हणाला, “तुम्हीच ते कावळावाले?” कोच, तुम्ही ती गोष्ट सगळ्यांना सांगत होतात? म्हणे दर वेळी सुरुवातीला सांगायचात, ही माझी नाही, माझ्या मित्राची आहे, आणि मित्राला ती हवी आहे. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मग एकेका म्हाताऱ्याच्या हातांकडे बघत बसलो, यातले ओनो-सानचे कुठले असतील. कुठलेच नव्हते. मी विचारलं. ओनो-सान आले नव्हते.

दहनानंतर अस्थी उचलायला घरची माणसं लागतात, आणि तुम्हाला मूलबाळ नाही. होक्काइदोचा भाऊ अंथरुणाला खिळलेला. मेघनाच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, ती बाहेरच्या खोलीत बसली. आत सायोको-सान, पाद्री, चर्चमधल्या दोन आज्या, आणि मी. माझ्या हातात काड्यांची जोडी दिली. एक बांबूची, एक साध्या लाकडाची, लांबीला सारखी पण हाताला वेगळी लागणारी. ज्याच्या हातून चेंडू सुटतो, त्याच्या हातात या देशाने काय दिलं होतं!

सायोको-साननी तुमचं एक हाड उचललं. हाताचं असावं, मला हाताचंच वाटलं. किती हलकं दिसत होतं ते, कोच, आणि किती पांढरं. त्यांनी ते माझ्याकडे आणलं. दोघांच्या काड्यांच्या मध्ये ते क्षणभर अधांतरी होतं, धड त्यांचं नाही, धड माझं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू, मैदानावर कधीच बोलल्या नाहीत इतक्या हळू, म्हणाल्या, “पाकादो.”

मी पकडलं. अस्थींच्या भांड्यात ते ठेवेपर्यंत मी दुसरीकडे कुठेही बघितलं नाही.

त्यानंतर कालचा दहावा. मला वाटलं होतं, पकडलं म्हणजे फिटलं. पण रात्रंदिवस तेच, काहीतरी राहिलंय. म्हणून ओनिगिरी घेऊन नदीवर गेलो. प्लास्टिक सोलून खिशात ठेवलं, भात कागदाच्या बशीत मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात ठेवला आणि दहा पावलं मागे येऊन उभा राहिलो. मैदानावर कोणी नव्हतं. टीममधला मी एकटाच या शहरात उरलोय. सायोको-साननी तुमचा चेंडू मला दिलाय, पण एकट्याने त्याचं करायचं काय? वर उडवायचा आणि आपणच झेलायचा. मी करून बघितलं. फार वाईट दिसतं.

कावळे होते. पुलाच्या कठड्यावर चार, दिव्याच्या खांबावर एक. रोज सकाळी आमच्या इमारतीचा कचरा उपसणारे हेच. भाताकडे बघत होते. कोणी हलेना. एक गाडी गेली. दुसरी गेली. गार वाऱ्याने भात सुकायला लागला.

मग मी पुढे झालो. हात जोडले. एक बाई कुत्र्याला घेऊन जात होती, ती थबकली, पण मी मोठ्यानेच बोललो, मराठीत.

म्हटलं, कोच, चेंडू उंच नव्हता. छातीवर आला होता. तुम्ही फेकला तो बरोबर होता. मी त्या कोपऱ्यात वेळेवर पोचलो होतो, आयुष्यात पहिल्यांदा, आणि तो येताना मला दिसत होता, गोल फिरत, सावकाश, जणू मला वेळ देत. आणि मी रेषेबाहेर बघितलं. मेघना व्हिडिओ काढते आहे का, ते. चेंडू हातात यायच्या आधीच मी मनात ती गोष्ट सांगायला लागलो होतो, या हातांनी तो कसा झेलला याची. बोटांना लागून तो गेला. आणि तुम्ही आलात आणि माझ्यासाठी वाकलात. तुम्ही आयुष्यात बोललेलं एकच खोटं मला माहीत आहे, आणि ते माझ्यासाठी होतं. मी ते तुमच्याकडे तसंच राहू दिलं. तुमच्या शेवटच्या दिवसापर्यंत राहू दिलं. ते आता मला परत द्या.

एवढं बोलून मी मागे आलो आणि वाट बघितली. बाई कुत्र्याला घेऊन निघून गेली. ऊन पुलापलीकडे सरकलं. खरं सांगतो, माझ्यातला शंखवाला केव्हापासून सांगत होता, म्हण की आला. पाच आले म्हण. पुढचा टोपी घालून होता म्हण. घरी मेघना विचारणार, सायोको-सान विचारणार, कोण बघायला आलंय. किती सुंदर शेवट झाला असता.

अंधार पडायच्या आधी मी बशी उचलली. तो भात मीच खाल्ला, गार, मिठाचा, कोपऱ्यात उभा राहून.

कावळा आला नाही, कोच. त्या दिवशीही आला नव्हता.